डॉक्टरांनी न पाठवलेली माणसं

डॉक्टर मिरीकरांनी एका आठवड्यात चारशे माणसं पठारावर पाठवली, आणि त्यांना स्वतःला त्याचा पत्ताही नव्हता.

ते बिचारे रोजच्यासारखे दवाखान्यात बसून लोकांच्या जिभा बघत होते आणि ‘तिखट कमी करा’ असं सांगत होते. हा सल्ला आंबेमाळ गावात आजवर कोणी ऐकलेला नाही. पण पठारावरच्या मोठ्या फलकावर ठळक अक्षरं झळकत होती: पहिला क्रमांक, डॉ. मिरीकर. त्याच फलकाच्या तळाशी, जिथे वाचायला मान वाकडी करावी लागे, तिथे आणखी एक नाव होतं: मृण्मयी शेटे. नावापुढे आकडा होता, एक.

“एक?” मृण्मयी ओरडली. “फक्त एक?”

अकरा वर्षांच्या मृण्मयीने त्या आठवड्यात तोंड म्हणून मिटलं नव्हतं. शाळेत सांगितलं, सोसायटीत सांगितलं, पोहण्याच्या तलावात नाकात पाणी गेलं तरी सांगत राहिली. काय सांगत होती? तर हे, की आपल्या पठारावर अभ्रयान केंद्र आलंय. महिन्याअखेर तिथून एक अवाढव्य फुगा उडणार आहे आणि त्याला टांगलेल्या हवाबंद पाळण्यातून माणसं तीस किलोमीटर वर जाणार आहेत. तिथे भरदुपारी आकाश काळं दिसतं आणि पृथ्वीची कड वाकलेली दिसते. तोवर केंद्राच्या घुमटात याच प्रवासाचा फुकट खेळ दाखवतात, तो बघून या.

केंद्राकडे जाहिरातीला पैसा नव्हता. म्हणून त्यांनी जाहीर केलं होतं, की जो जास्तीत जास्त लोकांना खेळ बघायला पाठवेल त्याला पहिल्या उड्डाणात जागा. जागा एकच. वजन, सामानासकट, एकशेवीस किलोच्या आत. हे शेवटचं वाक्य वाचून गावातल्या जाडजूड पोपटराव ढमढेऱ्यांनी तिथल्या तिथे रात्रीचं जेवण सोडलं होतं.

मृण्मयीला ती जागा हवी होती. साधी हवी नव्हती, रात्रीची झोप उडेल इतकी हवी होती. तिने शाळेसाठी कागदाच्या लगद्याचा पृथ्वीगोल केला होता, महिनाभर खपून. आता खरी पृथ्वी तशीच गोल आहे का, ते तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

केंद्राच्या दारात भालदार उभा होता. भालदार म्हणजे केंद्राचा यंत्रमानव. त्याला गावची रीत शिकवलेली असल्यामुळे तो आधी पाणी विचारी आणि मग काम.

“भालदार, मी निदान शंभर जणांना पाठवलं. कुठे गेले ते?”

“पाणी घेणार? नको? बरं. मी प्रत्येकाला विचारलं, आपल्याला कोणी पाठवलं? त्यांनी जे नाव सांगितलं ते मी लिहिलं.”

“माझ्या वर्गातली सगळी मुलं आपापल्या आईबाबांना घेऊन आली होती. त्यांनी काय सांगितलं?”

“डॉक्टर मिरीकर.”

“माझी आत्या?”

“डॉक्टर मिरीकर.”

“आणि माझा बाबा?”

भालदारचे डोळे दोनदा लुकलुकले. “डॉक्टर मिरीकर. पुढे असंही म्हणाले, की डॉक्टर आमच्या घरचेच आहेत, जरा पुढची खुर्ची बघा.”

मृण्मयीने वळून मागे उभ्या असलेल्या बाबाकडे पाहिलं. बाबा आकाशाकडे बघू लागला.

“बाबा, तूसुद्धा?”

“अगं, सवय लागलीय जिभेला! कुठेही दारात उभं राहिलं की मोठ्या माणसाचं नाव घ्यायचं. बँकेत काय, बसस्थानकात काय, काम पटकन होतं. आता ‘मला माझ्या मुलीने पाठवलं’ असं सांगितलं असतं, तर पुढची खुर्ची मिळाली असती का?”

“खुर्च्या सगळ्यांना सारख्याच आहेत,” भालदार म्हणाला.

आंबेमाळची ही खोड फार जुनी. ज्याने खरोखर सांगितलं त्याचं नाव कोणी घेत नाही. ज्याचं नाव घेतल्याने आपलं वजन वाढेल त्याचं घेतात. त्यात कोणाला खोटेपणा वाटत नाही. उलट डॉक्टरांचा मानच वाढवतोय असं वाटतं.

तेवढ्यात खुद्द डॉक्टर धापा टाकत आले. अंगाने इतके सडपातळ, की वाऱ्यात छत्री त्यांना सांभाळते की ते छत्रीला, असा प्रश्न पडावा. ते थेट केंद्रप्रमुख तहमीनाताई इनामदार यांच्याकडे गेले.

“माझं नाव काढा हो त्या फलकावरनं! मी कोणालाही पाठवलं नाही. आणि ती जागा तर मुळीच नको. मी गच्चीवर पापड राखायलासुद्धा जात नाही. दवाखान्यातला दिवा बदलायचा असला तर पेशंटला स्टुलावर चढवतो.”

“डॉक्टर, नाव काढते,” तहमीनाताई म्हणाल्या. “पण मग कोणाचं लिहू? या मुलीचं?”

“हो!” मृण्मयी म्हणाली.

“आणि पुरावा?”

मृण्मयीने फलकावरच्या आपल्या ‘एक’कडे बोट केलं.

“मी आधी दुव्यांवरही (म्हणजे लिंकवर) मोहीम करून पाहिली,” तहमीनाताई सांगू लागल्या. “प्रत्येकाला एक दुवा द्यायचा, शेवटी त्याचं नाव. तो दुवा उघडून कोणी जागा राखली की त्या नावाला गुण. डिजिटल जाहिरातीत सगळे असंच करतात. त्याला संदर्भ म्हणतात (म्हणजे कोणी कोणाला पाठवलं त्याची नोंद). पण लबाडांनी दुसऱ्याचं नाव पुसून आपलं घातलं आणि दुवा पुढे धाडला. तोंडी नाव कोणीही घेतं, लिहिलेलं नाव कोणीही बदलतं. मला असा सांगावा हवाय, जो बदलता येणार नाही आणि ज्याने पाठवला त्याचाच आहे हे भालदारला क्षणात कळेल. तोवर स्पर्धा बंद.”

“बंद?” मृण्मयीने विचारलं. मग तिला एकदम काहीतरी आठवलं. “ताई, माझी आजी कूटशास्त्रज्ञ होती!” (कूटशास्त्रज्ञ म्हणजे गुप्त लेखन आणि त्याची राखण यांचा अभ्यास करणारी.)

“होती?” तहमीनाताईंनी विचारलं.

“आता चकल्या करते.”

आणि खरोखरच ती आणि बाबा घरी पोचले तेव्हा आजी चकल्याच करत होती. पुण्याच्या मोठ्या प्रयोगशाळेत तीस वर्षं बँकांची कुलपं राखून निवृत्त झालेली ही बाई आता तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सोऱ्या दाबत होती. तिने सगळी हकिगत ऐकली, मुलाला ‘डॉक्टर घरचेच काय रे?’ असा एक टोमणा मारला आणि नातीपुढे दोन चकल्या ठेवल्या.

“यातली माझी कोणती आणि शेजारच्या कुमुदची कोणती?”

“ही तुझी. तुझ्या साच्याचं एक टोक तुटलंय, म्हणून एका बाजूला काटा नसतो.”

“म्हणजे चकली बघून साचा कोणाचा ते ओळखलंस. आता ही चकली घे आणि तिच्यावरून माझा साचा घडवून दाखव.”

“तो कसा घडवणार? तळताना चकली फुगते, वाकते.”

“बरोबर. ओळखणं सोपं, घडवणं अवघड. डिजिटल सही अशीच असते. प्रत्येकाकडे आकड्यांच्या दोन किल्ल्या असतात, एकमेकींच्या जोडीदार. एक खासगी किल्ली (ती फक्त आपल्यापाशी ठेवायची, बाबालासुद्धा द्यायची नाही), आणि एक जाहीर किल्ली (ती सगळ्या गावाला सांगितली तरी चालते). खासगी किल्लीने सही उमटते. जाहीर किल्लीने ती सही खरी का खोटी हे तपासता येतं, पण तिच्याने नवी सही करता येत नाही.”

“मग लबाडाने माझी एक सही उचलून भलत्याच कागदाला चिकटवली तर?”

“इथे माझी चकली कमी पडते,” आजी हसली. “चकली दर वेळी सारखीच. ही सही मात्र मजकुराप्रमाणे बदलते. एका मजकुराची सही दुसऱ्यावर बसत नाही.”

मग आजीने खोबऱ्याच्या चटणीची वाटी पुढे ओढली.

“या चटणीतून मिरची परत काढ बरं.”

“आजी!”

“नाही ना येत? पण एखादी मिरची जास्त पडली तर जिभेला कळतं की नाही? संगणकाचीही अशी एक चटणी असते. तिला हॅश म्हणतात (म्हणजे मजकुराचा ठसा). कितीही मोठा मजकूर घाल, त्यातून ठरावीक लांबीचा एक आकडा निघतो. तोच मजकूर घातला तर तोच आकडा. आकड्यावरून मजकूर परत मिळत नाही. आणि मजकुरात एक काना बदलला तरी आकडा पार वेगळा.”

तिने आपल्या संगणक-पाटीवर ‘मृणूला चकली आवडते’ असं लिहिलं. खाली लांबलचक आकडा आला. मग ‘आवडते’चं ‘आवडली’ केलं. नवा आकडा आला, आणि तो पहिल्याच्या ओळखीचासुद्धा वाटत नव्हता.

“आता सगळं एकत्र कर,” आजी म्हणाली. “तू तुझ्या मैत्रिणीला पाठवतेस. तुझ्या हातावरच्या संगणकी मनगटपट्टीतून तिच्या पट्टीत एक टोकन जातं (टोकन म्हणजे खात्रीची खूण, आपण त्याला सांगावा म्हणू). त्यात तीन गोष्टी असतात. तुझ्या हाती आलेल्या सांगाव्याचा ठसा, मैत्रिणीचा क्रमांक आणि या दोन्हींवर तुझी सही. तिने पुढे काकूला पाठवलं तर काकूच्या सांगाव्यात तुझ्या सांगाव्याचा ठसा असतो. गजऱ्यात कसं, प्रत्येक फूल आधीच्या फुलाच्या गाठीत अडकवतात. मधलं एक फूल उपटलं तर?”

“सगळा गजरा सुटतो.”

“तसंच. कोणी मधलं नाव बदललं की त्याचा ठसा बदलतो आणि पुढचा एकही सांगावा जुळत नाही. भालदार दारातच म्हणेल, साखळी तुटली, पाणी घ्या आणि घरी जा.”

बाबाने चकली उचलत शंका काढली. “पण एकाच सांगाव्यावर दोनदा आत शिरलं तर?”

“वापरलेल्या सांगाव्यांची नोंद एकाच जागी ठेवायची नाही. शाळा, वाचनालय, दवाखाना, बसस्थानक, सगळीकडच्या संगणकांत तीच नोंद. कोणा एकाने खाडाखोड केली तर बाकीचे त्याला खोटं पाडतात. आणि नोंदीत नावं नाहीत, नुसते क्रमांक. कोण कोणाच्या सांगण्यावरून कुठे गेलं, याच्या चौकशा कुमुदला करता येणार नाहीत.”

मृण्मयीने हातातली चकली खाली ठेवली. “आजी, पण माणसाने माणूस आणायचा आणि साखळीत सगळ्यांना बक्षीस, असल्या योजनांत लोक फसतात ना?”

“फसतात. म्हणून एकच प्रश्न विचारायचा. बक्षीस येतं कुठून? नव्या माणसाच्या खिशातून काढून जुन्याला देत असतील, तर चप्पल हातात घेऊन पळायचं. इथे कोणी काही भरत नाही. माणूस खरोखर येऊन खेळ बघतो, तेव्हाच पाठवणाऱ्याला तारा, म्हणजे गुण, मिळतो.”

तहमीनाताईंना योजना पसंत पडली. जुना हिशेब रद्द झाला आणि नवा डाव रविवारी संध्याकाळपर्यंतचा ठरला. नियम सोपा होता. एक माणूस खेळ बघून बाहेर पडला, की त्याच्या साखळीत त्याच्या वर जितके आहेत त्या प्रत्येकाला एक तारा.

“म्हणजे सगळ्यात वर जो असेल त्याला सगळ्यात जास्त तारे!” मृण्मयी म्हणाली.

“हो. ज्याच्यापासून गोष्ट सुरू झाली, त्याचा मान मोठा,” तहमीनाताई म्हणाल्या. “ज्याला कोणीच सांगितलेलं नाही, त्याने पहिली कडी कोरी ठेवायची.”

मृण्मयीने क्षणाचाही विचार न करता आपली पहिली कडी कोरी ठेवली.

आणि मग काय धमाल उडाली! दारात आलेला प्रत्येक जण सवयीने म्हणे, “डॉक्टर मिरीकरांनी...” आणि भालदार नम्रपणे म्हणे, “असेल, असेल. मनगट पुढे करा.” मनगट मात्र खरं बोले. बाबाच्या मनगटावर मृण्मयीची सही निघाली आणि त्याला, इतरांना मिळते तशीच, एक खुर्ची मिळाली.

पोपटराव ढमढेऱ्यांनी वेगळाच उद्योग केला. त्यांनी जुन्या मनगटपट्ट्यांचा जुडगा पैदा केला, स्वतःच स्वतःला अकरा सांगावे पाठवले आणि दर खेळाला नवी टोपी घालून दारात हजर.

“सह्या बरोबर आहेत,” भालदार म्हणाला. “साखळी बरोबर आहे. पण सहीमागे माणूसही लागतो. टोप्या अकरा, पोपटराव एक. तारा शून्य, कारण स्वतःला पाठवल्याचा तारा नसतो. पाणी घेणार?”

पोपटरावांनी पाणी घेतलं. उपासाने घसा कोरडाच पडला होता.

शनिवारी संध्याकाळी फलकावर मृण्मयी शेटे पहिली होती. दुसरा होता शार्दूल बेलसरे, बराच मागे. शार्दूल तिच्याच वर्गातला, आणि तिची त्याच्याशी कट्टी होती. कारण साधं नव्हतं. महिनाभर खपून केलेल्या पृथ्वीगोलावर हा मुलगा न बघता बसला होता. दक्षिण गोलार्ध पार चेपला. आसाची तार शार्दूललाच बोचली, आणि ते मृण्मयीला योग्य वाटलं होतं.

रात्री जेवताना आजी फलकाची नक्कल पाटीवर बघत होती. “मृणू, तुझी साखळी झकास वाढलीय गं. आणि वर कोरी कडी. तुला कोणीच नव्हतं सांगितलं?”

“नाही. मीच शोधलं.”

“वर्तमानपत्रात वाचलंस?”

“नाही... असंच. मला माहीतच होतं.”

“असंच कसं माहीत असेल? पोटातून का आलं?” आजी हसून ताक ओतू लागली.

पण मृण्मयीचा घास तोंडातच फिरू लागला. कारण आता तिला आठवलं. चेपलेला गोल मांडीवर घेऊन ती वर्गात बसली होती. दुसऱ्या दिवशी शार्दूल अवघडून, एका बाजूला रेलून शेजारी बसला आणि म्हणाला, “चेपली तर चेपली गं. पठारावर फुगा येतोय म्हणे, त्यातनं खरी बघ.” तिने तोंड फिरवलं होतं. माफी नको म्हणून ढकलून दिली होती, पण त्यातला फुगा तेवढा ठेवून घेतला होता. मग तिने फुग्याची माहिती काढली, चित्रं काढली, गावभर सांगितलं. सांगता सांगता तो फुगा तिचाच होऊन गेला.

“आजी,” ती हळूच म्हणाली, “कोरी कडी खोटी असली तर साखळीला कळतं का?”

“नाही कळत. गणित सही तपासतं, ठसा तपासतं. पहिल्याला कोणी सांगितलं हे त्या पहिल्यालाच ठाऊक.”

“म्हणजे कुणालाच कळणार नाही.”

“कुणालाच नाही,” आजीने मान्य केलं आणि ताकाचा पेला तिच्यापुढे सरकवला.

मृण्मयीने मनातल्या मनात हिशेब मांडला. शार्दूल वर गेला तर तिचे तारे कमी होणार नाहीत, एकही नाही. पण तिच्या साखळीचे सगळे तारे त्यालाही मिळणार, आणि त्याचे स्वतःचे आहेतच. म्हणजे तो पुढे. म्हणजे काळं आकाश त्याचं, वाकलेली कड त्याची. गोलावर बसणाराच खरा गोल बघणार! हिशेब तिने चारदा केला. चारदा तेच उत्तर आलं.

रविवारी सकाळी ती भालदारपुढे उभी राहिली. तहमीनाताई होत्या, शार्दूलही मावशीला घेऊन आला होता, आणि नेमके डॉक्टर मिरीकरही, आपलं नाव फलकावर परत आलेलं नाही ना ते बघायला.

“माझी कोरी कडी चुकीची आहे,” मृण्मयी एका दमात म्हणाली. “मला याने सांगितलं होतं. ती बदला.”

“साखळीतलं जुनं काही बदलता येत नाही,” भालदार म्हणाला. “तोच तर तिचा उपयोग. पण खाली दुरुस्तीची नवी कडी जोडता येते. तुझी सही लागेल, आणि त्याचीही.”

मृण्मयीने मनगट पुढे केलं. शार्दूल तिच्याकडे बघतच राहिला.

“तू ऐकलं होतंस ते? मला वाटलं, तू कान बंद केलेस.”

“तोंड फिरवलं होतं. कान तिथेच होते.”

शार्दूलने सही केली. फलक हलला. शार्दूल बेलसरे वर, मृण्मयी शेटे खाली. मृण्मयीने फलकाकडे पाठ केली.

पण शार्दूलचा चेहरा काही विजेत्यासारखा दिसेना. तो कान खाजवत उभा होता.

“भालदार,” तो शेवटी म्हणाला, “माझीही वरची कडी कोरी आहे.”

“आहे.”

“ती पण चुकीची आहे. ती तार बोचली ना मला, तेव्हा धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला गेलो होतो. मी ओरडत होतो. तर मला फसवायला हे म्हणाले, ‘अरे तिकडे बघ, पठारावर मोठ्ठा फुगा येणार आहे!’ मी बघितलं आणि यांनी सुई टोचली.” त्याने बोट केलं.

सगळ्यांनी बोटाच्या दिशेने पाहिलं. डॉक्टर मिरीकर छत्रीमागे लपायचा प्रयत्न करत होते.

“डॉक्टर,” तहमीनाताईंनी विचारलं, “तुम्हाला कोणी सांगितलं होतं?”

“तुम्हीच नाही का,” डॉक्टर पुटपुटले, “चालकांच्या तपासणीसाठी पत्र पाठवलं होतंत...”

“म्हणजे केंद्रानेच. म्हणजे तुमच्या वर कोणी नाही.”

खोटं बोलणं डॉक्टरांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी डोळे मिटून मनगट पुढे केलं, एरवी त्यांचे पेशंट करतात तसं. सही झाली. फलक पुन्हा हलला, आणि ठळक अक्षरं झळकली: पहिला क्रमांक, डॉ. मिरीकर.

“बघ!” बाबा मागून म्हणाला. “मी पहिल्यापासून काय सांगत होतो?”

“तू अंदाजाने खोटं बोललास, ते चुकून खरं निघालं,” मृण्मयी म्हणाली. तिला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि कोणतं आधी येऊ द्यावं ते ठरत नव्हतं. अखेर हसू जिंकलं, कारण डॉक्टर कोलमडून खुर्चीत बसले होते आणि भालदार त्यांना विचारत होता, “पाणी घेणार?”

“घेणार,” डॉक्टर म्हणाले. एका घोटात पेला संपवून त्यांनी नियम मागवला. चष्मा लावून दोनदा वाचला. वाचता वाचता ते ताठ झाले.

“इथे लिहिलंय, जागा एक. वजन, सामानासकट, एकशेवीस किलोच्या आत. माणसं किती, हे लिहिलेलं नाही.”

“फुग्याला माणसं मोजता येत नाहीत, किलो मोजता येतात,” तहमीनाताई म्हणाल्या. “पाळण्यात बाक आहे, पट्टे हवे तेवढे लावू. पण...”

“मी बावन्न किलो.” डॉक्टरांनी दोन्ही मुलांकडे दवाखान्यातल्या नजरेने पाहिलं. “ही तेहेतीस असेल. हा चौतीस. मी एकटा मेलो तरी वर जाणार नाही. दोन्ही हात कोणीतरी धरले, तर जाईन.”

उड्डाणाच्या दिवशी पठारावर सगळं आंबेमाळ लोटलं होतं. दोन्ही घरच्यांनी संमतीच्या सह्या केल्या होत्या. भालदारने तिघांना एका काट्यावर उभं केलं. मृण्मयीच्या हातात आजीने दिलेला डबा होता.

“एकशेएकवीस,” भालदार म्हणाला. “डब्यामुळे एक किलो जास्त होतंय. चकल्या जातील किंवा मुलं.”

आजीने डबा काढून घेतला आणि पोपटराव ढमढेऱ्यांच्या हातात दिला. त्यांनी उपास जागच्या जागी सोडला.

“आता रीतीप्रमाणे,” भालदार म्हणाला. “डॉक्टर मिरीकर, आपल्याला कोणी पाठवलं?”

डॉक्टरांनी डावीकडे मृण्मयीकडे पाहिलं, उजवीकडे शार्दूलकडे पाहिलं.

“या दोघांनी,” ते म्हणाले. “आणि मनगट तपासून घे बाबा, नाहीतर लोक म्हणतील मी आपल्या मनाने आलो.”

पाळणा उचलला. पठार ताटाएवढं झालं, मग रुपयाएवढं. निळा रंग गडद होत गेला, जांभळा झाला, आणि मग भरदुपारी आकाश काळंभोर झालं. डॉक्टरांनी डोळे घट्ट मिटले होते आणि दोन्ही मुलांचे हात असे आवळले होते, की बोटं बधिर झाली होती.

“डॉक्टर, उघडा ना डोळे,” मृण्मयी म्हणाली. “कड दिसतेय. वाकलेली. खरंच वाकलेली आहे!”

“तू बघ आणि मला सांग.”

मृण्मयी खिडकीला नाक लावून बघत राहिली. निळी, पातळ, चमकती कड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळुवार वळत गेली होती. तिच्या लगद्याच्या गोलापेक्षा फारच सुबक.

“शार्दूल,” ती म्हणाली, “दक्षिणेकडे कुठे चेपलेली नाहीये.”

“मी अजून बसलो कुठेय तिच्यावर?”

मृण्मयी इतकी हसली, की काच तिच्या श्वासाने धुरकटली. ती तिने बाहीने पुसली. मग डॉक्टरांनी एक डोळा उघडला. थोडासाच. मग दुसरा. आणि मग त्यांनी स्वतःच खिडकीला नाक लावलं.

उतरताना मृण्मयीच्या मनगटपट्टीवर आजीचा निरोप झळकला. खालच्या घाटापलीकडच्या गावातली शाळा विचारत होती, की त्यांच्या मुलांना वाचनालयातली चांगली पुस्तकं एकमेकांना सुचवायची आहेत, तर असे सांगावे करून द्याल का?

“सांगू हो म्हणून?” तिने विचारलं.

“सांग,” शार्दूल म्हणाला. “पण पहिली कडी नीट भर.”